बॅरिस्टर अंतुले, आमच्या जिल्ह्यातून पाहिलेले

आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहायच्या. नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही, विड्या वळून बोटं वाकडी झालेली. महिन्यातून एकदा पोस्टमन यायचा आणि खाला ओट्यावर बसून अंगठा द्यायच्या. गल्लीत कुणी विचारलं तर सांगायच्या, "संजय गांधी आले." त्यांच्या लेखी संजय गांधी म्हणजे तहसीलीतला कुणीतरी नेक साहेब होता, आणि तो दर महिन्याला न चुकता त्यांची आठवण काढतो अशी त्यांची खात्री होती. त्याच्यासाठी त्या दुआही करायच्या. संजय गांधी कोण, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही. मीही नाही.

ही योजना ज्या माणसाने आणली त्याचं नाव मात्र खालांनी कधी घेतलं नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात निराधारचा पगार घेणाऱ्या दहा म्हाताऱ्यांना विचारा, अंतुले हे नाव एखादीला माहीत असलं तर नशीब. आणि शिकल्यासवरल्या लोकांना विचारा. ते नाव ऐकलं की लगेच म्हणतात, "सिमेंटवाले ना?"

या दोन उत्तरांच्या मध्ये एक पूर्ण राजकीय आयुष्य आहे. अब्दुल रहमान अंतुले महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. आपल्याकडे त्यांच्याविषयी दोनच तऱ्हेने बोललं जातं. एक तर "आपला माणूस होता म्हणून घालवला", नाही तर "पैसे खाल्ले म्हणून गेला". मला दोन्ही पटत नाहीत. म्हणून हा लेख.

आधी माणूस कुठला ते पाहू. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यात सावित्रीच्या काठी आंबेत नावाचं गाव आहे. ९ फेब्रुवारी १९२९ला अंतुले तिथे जन्मले. मुंबईत शिकले, मग लंडनला लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. कोकणी मुसलमान आणि आपण वऱ्हाडातले मुसलमान यांच्यात बराच फरक आहे. आपण घरात एक बोलतो, बाजारात दुसरं. उर्दू आणि वऱ्हाडी यांची आपली एक खिचडी आहे, आणि मराठी चांगली बोललो की समोरचा कौतुकाने पाहतो, ते कौतुक थोडं टोचतंही. कोकणातल्या मुसलमानाला कुणी असं कौतुकाने पाहत नाही. त्याची घरची बोलीच कोकणी-मराठी. आडनावंही बहुतेक गावावरून किंवा हुद्द्यावरून पडलेली. हमीद दलवाई त्याच मातीतले, अंतुलेही त्याच मातीतले, आणि दोघांच्या विचारांत जमीन-अस्मानाचा फरक. मराठीपण सिद्ध करावं लागत नाही अशा घरातून अंतुले आले होते. पुढे त्यांनी केलेल्या काही गोष्टी या एका मुद्द्याशिवाय कळत नाहीत.

१९६२ला ते श्रीवर्धनमधून विधानसभेवर आले आणि १९७६पर्यंत आमदार राहिले. मधल्या काळात विधी व न्याय, बंदरे, मत्स्यव्यवसाय, गृहनिर्माण अशी खाती त्यांच्याकडे येत-जात राहिली. १९७६ला राज्यसभेवर गेले आणि काँग्रेसचे सरचिटणीस झाले. एवढ्यापुरतं पाहिलं तर त्या काळातल्या वीस-पंचवीस काँग्रेस मंत्र्यांसारखीच ही कारकीर्द आहे.

त्यांचं नशीब फिरलं ते १९७७नंतर. इंदिरा गांधी हरल्या. १९७८च्या जानेवारीत काँग्रेस फुटली आणि महाराष्ट्रातले मोठे म्हणवणारे बहुतेक सगळे नेते बाईंच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले. यशवंतराव चव्हाण तिकडे, वसंतदादा तिकडे, शरद पवार तिकडे. अंतुले बाईंजवळ राहिले. आणि दुसरं कोण राहिलं? विदर्भ. १९७८च्या विधानसभेत इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या, त्यांतल्या बहुतेक आमच्या बाजूच्या होत्या. नासिकराव तिरपुडे त्याच बळावर उपमुख्यमंत्री झाले. पश्चिम महाराष्ट्राने पाठ फिरवली तेव्हा गाय-वासरू हे पहिलं चिन्ह गेलं, हाताचा पंजा आला, आणि वऱ्हाडातल्या शेतमजुरांनी, दलितांनी, मुसलमानांनी तो पंजा ओळखला. अंतुले विदर्भाचे नव्हते, पण ज्या पायावर ते पुढे उभे राहिले त्या पायात आमच्या गावांचेही दगड होते, हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

१९८०च्या जानेवारीत बाई दिल्लीत परतल्या. फेब्रुवारीत पवारांचं पुलोद सरकार बरखास्त झालं. मे महिन्यात निवडणूक झाली आणि इंदिरा काँग्रेसला २८८पैकी १८६ जागा मिळाल्या. शिवसेनेने ती विधानसभा लढवलीच नाही. बाळासाहेब ठाकरे आणि अंतुले यांचं सख्य तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं, आज सांगितलं तर तरुण मुलांना खरं वाटत नाही. ९ जून १९८०ला अंतुल्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्यांच्या मागे साखर कारखाना नव्हता, जिल्हा बँक नव्हती, मराठा जातीचं पाठबळ नव्हतं. होती फक्त इंदिराबाईंची मर्जी. राजकारणात असा माणूस घाईत असतो, कारण किती दिवस मिळतील हे त्याला ठाऊक नसतं.

त्या काळी हा प्रकार देशात अगदीच नवा नव्हता. राजस्थानात बरकतुल्ला खान, बिहारमध्ये अब्दुल गफूर, केरळात सी. एच. मोहम्मद कोया हे मुख्यमंत्री होऊन गेले होते. १९८०च्या डिसेंबरात आसाममध्ये सय्यदा अन्वरा तैमूर मुख्यमंत्री झाल्या. म्हणजे १९८१च्या पहिल्या सहा महिन्यांत श्रीनगरात शेख अब्दुल्ला, आसामात तैमूर आणि मुंबईत अंतुले असे तीन मुस्लिम मुख्यमंत्री एकाच वेळी होते. हे वाक्य आज लिहिताना मी दोनदा वाचून पाहिलं.

शपथ घेऊन जेमतेम दोन आठवडे झाले आणि २३ जूनला विमान अपघातात संजय गांधी गेले. त्याच वर्षी अंतुल्यांनी निराधारांसाठी दरमहा अनुदानाची योजना काढली आणि तिला नाव दिलं संजय गांधी निराधार अनुदान योजना. जोडीला स्वावलंबन योजनाही त्याच नावाची. आता हे नाव म्हणजे उघड उघड खुशामत. ज्या संजय गांधींच्या नावाने नसबंदीच्या दिवसांत आमच्या गावांत लोक रानात लपले होते, त्यांचंच नाव विधवा, अपंग आणि निराधारांच्या योजनेला. पण नाव बाजूला ठेवून योजना पाहा. रोजगार हमीमध्ये काम करणाऱ्याला पैसे मिळत होते. ज्याला कामच होत नाही त्याला सरकारने दरमहा काही द्यावं, तेही त्याची जात, पक्ष, वजन न पाहता, ही गोष्ट तेव्हा साधी नव्हती. रक्कम किरकोळ होती आणि ती मिळवायला तलाठ्याच्या दारात किती चकरा माराव्या लागत ते आम्ही पाहिलेलं आहे. तरीही अंतुले गेले, त्यांच्यानंतर किती मुख्यमंत्री आले आणि गेले, सरकारं उलटीपालटी झाली, आणि कुणाचीही ती योजना बंद करायची हिंमत झाली नाही. नावसुद्धा तेच राहिलं. २०२३मध्ये ती रक्कम महिना दीड हजार झाली.

पुढचा निर्णय आमच्या जिल्ह्याला वेगळ्या अर्थाने जवळचा. १ जानेवारी १९८१ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला हे नाव परकं नाही. जिजाऊ आमच्या सिंदखेड राजाच्या. त्यांचा शेवट झाला तो रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला, राज्याभिषेकानंतर काही दिवसांतच, जून १६७४मध्ये. आमच्या जिल्ह्यात जन्मलेल्या आईची समाधी ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याला रायगड हे नाव एका मुसलमान मुख्यमंत्र्याने दिलं. दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेड राजाला लाखोंचा मेळा भरतो. तिथल्या भाषणांत ही गोष्ट मी अजून ऐकलेली नाही. (आणि योगायोग असा की अंतुल्यांच्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवसही १२ जानेवारीच. त्याकडे येतोच.)

भवानी तलवार लंडनहून परत आणण्याची घोषणाही त्यांचीच. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या गादीकडून इंग्लंडच्या युवराजांना भेट गेलेली एक तलवार राजघराण्याच्या संग्रहात आहे. ती भवानी की जगदंबा की आणखी कुठली, यावर इतिहासकारांचं एकमत नव्हतं आणि नाही. अंतुले लंडनला गेले, वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला, तलवार आली नाही. यावर तेव्हा बरीच टिंगल झाली. काहींनी असंही म्हटलं की मुसलमान आहे म्हणून शिवाजी महाराजांचं नाव जास्त घेतो. मला हे म्हणणं अन्यायाचं वाटतं. आंबेतहून रायगड किल्ला किती लांब आहे ते नकाशात पाहा. कोकणी माणसासाठी तो घरामागचा डोंगर. वऱ्हाडातला मुसलमान मुख्यमंत्री झाला असता आणि त्याने हे केलं असतं, तर त्यात दाखवण्याची धडपड असती कदाचित. अंतुल्यांमध्ये ती मला दिसत नाही. राजकारण दिसतं, ते कुणात नसतं?

१ मे १९८१ला दोन नवे जिल्हे झाले, सिंधुदुर्ग आणि जालना. राज्य झालं तेव्हापासून जिल्हे २६ होते, त्यांत ही पहिली भर. जालना म्हणजे आमचा शेजार. देऊळगाव राजाच्या माणसाला बुलढाण्यापेक्षा जालना जवळचं. बाजार तिथला, दवाखाना तिथला, सोयरीकही पुष्कळदा तिथली. औरंगाबादपासून तुटून जालना वेगळा जिल्हा झाल्यावर ते शहर कसं फुगत गेलं ते आमच्या पिढीने एसटीच्या खिडकीतून पाहिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये औरंगाबादला उच्च न्यायालयाचं खंडपीठ बसलं. मराठवाड्याची ती जुनी मागणी होती. लातूर आणि गडचिरोली जिल्हे प्रत्यक्षात आले ते १९८२च्या ऑगस्टमध्ये, तेव्हा अंतुले खुर्चीवर नव्हते.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, मी वकीलपत्र घेतलं आहे. तसं नाही. त्याच अठरा-एकोणीस महिन्यांत या सरकारने जे दुसरं केलं तेही सांगितलं पाहिजे.

१९८०च्या नोव्हेंबरात नाशिककडे कांदा आणि उसाच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी रस्ते आणि रेल्वे अडवली. गोळीबार झाला, शेतकरी मेले. डिसेंबरात विरोधकांनी जळगावहून नागपूरच्या अधिवेशनाकडे शेतकरी दिंडी काढली. पवार त्यात पुढे होते. जळगावहून नागपूरला पायी जायचं म्हणजे आमचा जिल्हा लागणारच. थंडीच्या दिवसांत, कापूस वेचणीच्या हंगामात, घोषणा देत हजारो माणसं नागपूरकडे चाललेली. सरकारने पुढाऱ्यांना वाटेतच अटक केली. ज्या वऱ्हाडाने पावणेतीन वर्षांपूर्वी पंजाला साथ दिली होती, त्या वऱ्हाडातला शेतकरी त्या हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला उभा राहून दिंडी पाहत होता. शेतकरी संघटनेने पुढे आमच्या भागात जे मूळ धरलं, त्याचा ओलावा त्या दिवसांतला आहे.

आणि मग १९८१चा जुलै. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या लोकांना उठवून ज्याच्या त्याच्या गावी धाडून द्यायचं, असं मुख्यमंत्र्यांनी १३ जुलैला जाहीर केलं. भर पावसाळ्यात. झोपड्या मोडल्या, माणसं गाड्यांत भरली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी कोर्टात गेले. अर्जदारांत दुष्काळामुळे तामिळनाडूच्या सेलमहून आलेला एक भूमिहीन मजूर होता आणि आपल्याच संगमनेरहून आलेला एक चांभारही होता. सुप्रीम कोर्टाचा निकाल १० जुलै १९८५ला आला. कोर्ट म्हणालं, जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो. पण नोटीस देऊन, पावसाळा संपल्यावर, पालिका त्यांना हलवू शकते असंही म्हणालं. कायद्याच्या पुस्तकात हा निकाल आज मानाने शिकवला जातो. ज्यांच्या नावाने तो लागला त्यांना मात्र पदपथ सोडावाच लागणार होता.

मी या गोष्टीवर बराच वेळ थांबतो, कारण ती मला सिमेंटपेक्षा मोठी वाटते. निराधार बाईला घरपोच पैसे पाठवणारा आणि निराधार माणसाला पावसात गाडीत भरून हाकलणारा मुख्यमंत्री एकच. गावातला गरीब त्यांना दिसत होता, शहरातला गरीब अडचण वाटत होता. मुंबईत ती नजर फक्त अंतुल्यांची नव्हती, पण हुकूम त्यांचा होता. आपल्या समाजात अंतुल्यांची आठवण काढणारे लोक या प्रकरणाबद्दल बोलतच नाहीत. त्या पदपथांवर किती आपले होते, कुणास ठाऊक.

आता सिमेंट. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. घर बांधायचं तर परवाना, परवान्यासाठी अर्ज, अर्जासाठी ओळख. गावात मशिदीचा ओटा नीट करायचा तरी चार पोती सिमेंटसाठी तहसीलीत उभं राहावं लागे. मुंबईत इमारती उभ्या राहत होत्या आणि सिमेंट मिळत नव्हतं. ज्याच्या हातात वाटप त्याच्या हातात सोन्याची खाण. १९८०मध्ये अंतुल्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हा न्यास काढला. गुणी कलावंत, लेखक वगैरेंना मदत करणं हा त्याचा उद्देश. बरोबर आणखीही काही न्यास निघाले. बिल्डरांकडून आणि साखर कारखान्यांकडून देणग्या येऊ लागल्या. ३१ ऑगस्ट १९८१ला इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरींचा लेख आला आणि देशभर खळबळ झाली. देणगी आणि सिमेंटचा कोटा यांचा हिशेब जुळतो, असं त्यात आकड्यांनिशी मांडलं होतं.

संसदेत गोंधळ झाला. आपलं नाव त्या न्यासाला वापरायची परवानगी बाईंनी दिली होती की नाही, यावरच दिवसचे दिवस वाद चालला. अंतुल्यांच्या बाजूने म्हटलं गेलं की पैसे चेकने घेतले, न्यासाच्या खात्यावर आहेत, कुणाच्या खिशात गेलेले नाहीत. हा युक्तिवाद आजही कोकणात ऐकू येतो. त्यात तथ्य आहेही. पण मुद्दा खिशाचा नव्हता. मुद्दा असा की सरकारी परवाना आणि मुख्यमंत्र्याच्या न्यासाची देणगी यांची सांगड घातली तर ती देणगी राहते का? मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्यासमोर हाच प्रश्न होता. १२ जानेवारी १९८२ला निकाल लागला. देणग्या आणि सिमेंट वाटप यांचा संबंध होता, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. महिना संपायच्या आत बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. त्याच धामधुमीत १८ जानेवारीला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, आणि लोकांचं लक्ष तिकडे गेलं ते गेलंच.

"मुसलमान म्हणून घालवला" हे म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो. निकाल देणारे लेंटिन पारशी. पुढे भाजपचे रामदास नायक फौजदारी तक्रार घेऊन उभे राहिले तेव्हा खटल्याला मंजुरी देणारे राज्यपाल कोण? इद्रिस हसन लतीफ, हवाई दलाचे माजी प्रमुख. मग हे सगळं मुसलमानाविरुद्धचं कारस्थान कसं? मात्र दुसरीही एक गोष्ट खरी आहे. पक्षासाठी पैसा उभा करणं हा तेव्हा सगळ्यांचाच उद्योग होता. ज्यांच्यामागे जात होती, कारखाने होते, जिल्हे होते, त्यांच्याभोवती भिंती होत्या. अंतुल्यांच्या मागे दिल्लीची एक खिडकी होती. ती बंद झाली आणि ते उघड्यावर आले. त्यांना धर्माने पाडलं नाही. पडताना हात द्यायला कुणी नव्हतं, त्यात मात्र धर्माचा वाटा असू शकतो. इंदिराबाईंच्या हयातीत त्यांना पुन्हा पद मिळालं नाही.

खटल्याची कथा कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. १९८४ला सुप्रीम कोर्टाने ठरवलं की आमदार हा त्या कलमाच्या अर्थाने लोकसेवक नाही, म्हणून खटल्याला वेगळ्या मंजुरीची गरज नाही. शिवाय खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून थेट उच्च न्यायालयाकडे दिला. अंतुल्यांचं म्हणणं, कायद्याने माझा खटला विशेष न्यायाधीशासमोरच चालायला हवा, तो वर नेला तर माझी अपिलाची एक पायरी जाते. २९ एप्रिल १९८८ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ते मान्य केलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपलाच जुना आदेश चुकीचा होता असं म्हटलं. न्यायालयाच्या चुकीची झळ कुणाला बसता कामा नये, हे तत्त्व आज कुणाच्याही खटल्यात मांडलं जातं तेव्हा वकील अंतुल्यांचं नाव घेतात. १९९१मध्ये त्यांच्याच नावावर आणखी एक निकाल आहे, खटला लवकर चालवला जाण्याच्या हक्काचा. बिनाखटल्याचे वर्षानुवर्षं तुरुंगात पडलेले आपले तरुण, त्यांच्या अर्जांत हा निकाल सापडतो. ज्याच्यावर सत्तेचा गैरवापर केल्याचा ठपका, त्याचं नाव आज निर्बलांच्या अर्जात. अंतुल्यांना स्वतःला शिक्षा कधी झाली नाही.

१९८९, १९९१ आणि १९९६ला ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले. नरसिंह राव सरकारात शेवटच्या वर्षभरात आरोग्यमंत्री होते. मग दोन वेळा शेकापचे रामशेठ ठाकूर तिथून आले. हा सगळा काळ मी भराभर ओलांडतो, कारण आमच्या जिल्ह्याशी त्यांची पुन्हा गाठ पडते ती २००६मध्ये.

२९ जानेवारी २००६ला केंद्रात अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालय हे नवं खातं निघालं आणि पहिले मंत्री झाले अंतुले. वय शहात्तर. त्याच नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल संसदेत आला. मुसलमानांची अवस्था आता भाषणांतून नाही, तक्त्यांतून दिसत होती. त्यानंतर देशातले ९० अल्पसंख्याकबहुल मागास जिल्हे निवडले गेले. अट अशी की अल्पसंख्याकांची संख्या लक्षणीय हवी, आणि साक्षरता, रोजगार किंवा पक्कं घर, पाणी, वीज, शौचालय यांत जिल्हा मागे हवा. महाराष्ट्रातले चार जिल्हे यादीत आले: परभणी, हिंगोली, वाशिम आणि आमचा बुलढाणा.

यादी आली तेव्हा आमच्याकडे काही लोक खूश झाले आणि काही चिडले. खूश होण्यासारखं त्यात काय होतं? आपण मागास आहोत यावर सरकारी शिक्का बसला होता. पण एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली. बुलढाण्यात नुसत्या मुसलमानांच्या संख्येवर ही अट पुरी होत नव्हती. सरकारच्या व्याख्येत बौद्धही अल्पसंख्याक आहेत, आणि आमच्या जिल्ह्यात ते मोठ्या संख्येने आहेत. मोहल्ला आणि बौद्धवाडा मिळून हा जिल्हा त्या यादीत बसला. निवडणुकीच्या सभेत ज्यांना एकत्र आणायला पुढारी घसा कोरडा करतात, ते एका सरकारी तक्त्यात न बोलता शेजारी बसले होते. त्यातून वर्गखोल्या, वसतिगृहं, आयटीआय, अंगणवाड्या, घरकुलं होणार होती. काही झाली, काही कागदावर राहिली, काहींना कुलूपच आहे. शिष्यवृत्त्या मात्र खरोखर पोचल्या. दहावीच्या आतल्या आणि दहावीनंतरच्या मुलांसाठी त्या याच काळात सुरू झाल्या, आणि आमच्या शाळांत मुलींचे अर्ज भरताना मी स्वतः फोटो चिकटवले आहेत, बँकेत खाती उघडायला रांगेत उभा राहिलो आहे. हजार रुपयांसाठी बापाची एक दिवसाची मजुरी बुडायची, तरी तो यायचा. २०२२पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ती शिष्यवृत्ती बंद झाली.

मंत्रालयाचा पैसा थोडा, अधिकार त्याहून थोडे. तरीही ते खातं आज बहुतेकांना आठवतं ते एका वाक्यामुळे. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात हेमंत करकरे शहीद झाले. मालेगावच्या स्फोटाचा तपास त्यांच्याकडे होता. १७ डिसेंबरला अंतुल्यांनी जाहीरपणे शंका काढली की करकरे त्या रात्री तिकडे कसे आणि कुणाच्या सांगण्यावरून गेले. देश दुःखात होता, सीमेपलीकडच्या लोकांना आयतं बोट दाखवायला मिळालं, स्वतःचा पक्ष हादरला. त्यांनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही. गृहमंत्री चिदंबरम यांनी लोकसभेत खुलासा केला आणि शंकेला आधार नाही असं सांगितलं. आमच्या चहाच्या टपरीवर त्या आठवड्यात अंतुले एकदम मोठे झाले होते. "बोलले तर सही." मला तेव्हाही ते बरं वाटलं नाही. मंत्र्याने शंका काढायची असेल तर फाइल मागवावी, बैठकीत विचारावं. तीन वर्षं ज्या खात्याला मंत्रिमंडळात वजन मिळावं म्हणून झगडायचं, त्या खात्याचं वजन एका संध्याकाळी गेलं. एवढा हुशार बॅरिस्टर हे विसरला कसा, याचं उत्तर त्यांच्या घाईच्या स्वभावात असावं.

काही महिन्यांनी निवडणूक आली. इथे एक गंमत आहे, नियतीची म्हणा हवं तर. १९८१ला जिल्ह्याचं नाव रायगड झालं, पण लोकसभा मतदारसंघाचं नाव कुलाबाच राहिलं होतं. अंतुले चारही वेळा जिंकले ते कुलाब्यातून, २००४लाही. मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९ला पहिल्यांदा तिथे रायगड या नावाने निवडणूक झाली. जिल्ह्याला ते नाव देणारा माणूस त्या नावाच्या पहिल्याच निवडणुकीत शिवसेनेच्या अनंत गीतेंकडून मोठ्या फरकाने पडला.

त्यानंतर ते फारसे दिसले नाहीत. २ डिसेंबर २०१४ला मुंबईत त्यांचं निधन झालं आणि आंबेतला, सावित्रीच्या काठच्या त्यांच्या गावी, दफन झालं. आमच्याकडच्या पेपरात आतल्या पानावर बातमी होती, फोटोखाली दोन ओळी, त्यांत सिमेंट हा शब्द होताच.

खाला त्याच्या आधीच गेल्या होत्या. त्यांच्या पेटीत पासबुक निघालं आणि तहसीलीचं एक जुनं, घडीवर फाटलेलं मंजुरीपत्र. त्यावर योजनेचं नाव होतं, अर्जदाराचं नाव होतं, अंगठा होता, तहसीलदाराची सही होती. त्यांच्या भाच्याने ते वाचून दाखवायला माझ्याकडे आणलं, आणि हे संजय गांधी अजून नोकरीत आहेत का, पैसे आता मामूंच्या बहिणीला मिळतील का, असं विचारलं.